बाई, पुढचं पान

चूळ भरायला तोंडात पाणी घेतलं आणि ते डाव्या बाजूने सरळ माझ्या गाऊनवर ओघळलं. वाटलं, झोप अजून उतरली नसेल. पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा तेच. मग मान वर करून आरशात पाहिलं. उजवीकडचा ओठ वर ओढला गेला होता आणि डावा अर्धा चेहरा जागचा हलायला तयार नव्हता. डोळे मिटून पाहिले तर उजवा मिटला, डावा टक्क उघडा. मी "अहो" म्हणून ओरडले, तर आवाज माझा आणि शब्द दुसऱ्याच कुणाचे असावेत असं काहीतरी बाहेर आलं.

विनायक, माझा नवरा, टॉवेल घेऊन धावत आला. (लिहिताना नाव घेते, घरी अजून "अहो"च.) त्याच्यामागून सासूबाई आल्या. आम्ही सगळे त्यांना आये म्हणतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दाराची चौकट धरली.

"शुभा, तुज्या तोंडाक जालां कितां गो?"

मला सांगता येईना. आये तशाच आत गेल्या आणि मीठ-मिरच्या घेऊन आल्या दिष्ट काढायला. विनायक ओरडला, "आये, आधी डॉक्टर! दिष्ट मागीर!" एरवी तो आईवर कधी आवाज चढवत नाही. तो घाबरलाय हे मला तेव्हा कळलं, आणि मग मीही घाबरले.

माझे वडील असेच गेले होते. शिरगावला माझं माहेर. एका सकाळी त्यांचं तोंड वाकडं झालं, दुपारी हात गेला, दुसऱ्या दिवशी बोलणं. म्हणून आमच्या चोपडे गावाहून मोठ्या हॉस्पिटलपर्यंतच्या रस्त्याला मी डाव्या हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला लावत होते. करंगळी लागली. पुन्हा पहिल्यापासून. पूल कधी ओलांडला, कळलंसुद्धा नाही.

तिथल्या डॉक्टर तरुण होत्या. म्हणाल्या, "कपाळाला आठ्या घाला."

आता आठ्या घालणं हा तर माझा धंदा. वीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळते मी. पण आठ्या अर्ध्याच कपाळाला आल्या, असं त्यांनी सांगितलं आणि वर म्हणाल्या, "डावीकडे आठी येत नाही, हे चांगलं लक्षण आहे."

मेंदूचा झटका असता तर कपाळ सहसा हललं असतं म्हणे. माझी चेहऱ्याची नस सुजली होती. हातपाय नीट होते, शब्द डोक्यात नीट जुळत होते. "बहुतेकांचं काही आठवड्यांत सुधारतं," डॉक्टर म्हणाल्या. विनायकने देवाला हात जोडले. मी मात्र "बहुतेकांचं" या शब्दावरच अडकून बसले. म्हणजे काहींचं नाही. मी कुठल्या रांगेत?

तर हे सगळं मी लिहितेय ते तन्वीमुळे. तन्वी त्या हॉस्पिटलातली फिजिओथेरपिस्ट, वयाने मला मुलीसारखी. ती म्हणाली, बाई, बाहेर बाकावर बसलेली माणसं रोज मला विचारतात, होतं का हो बरं? मी काय सांगू? तुम्हीच लिहून द्या. म्हणून लिहिते, आणि खरं तेच लिहिते. माझं पूर्ण बरं झालेलं नाही. डोळा मिटतो, चहा सांडत नाही, पण हसले की अर्धीच हसते.

वाकडा माड

मला सर्वांत जास्त भीती कशाची होती ते कळायला माझं काम आधी सांगायला हवं.

पेडण्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत मी पहिलीला शिकवते. बावीस मुलं. वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुंभाची दोरी बांधली आहे आणि तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रांची पुस्तकं टांगलेली असतात. काही खात्याने दिलेली, काही मी स्वतः केलेली. "सगळे वेगवेगळे, सगळे आपले" अशा विषयाची पुस्तकं मला फार आवडतात. एक कान लोंबणारा ससा, न उडणारा बगळा, पाण्याला भिणारा मासा. शनिवारी मुलं एक पुस्तक निवडतात आणि मी ते गालाशेजारी धरून वाचते, तोंडं करून. ससा आला की नाक फुगवते, बगळा आला की मान लांब करते. दुसरीची मुलं खिडकीत येऊन उभी राहतात. खोटं कशाला बोलू, या गोष्टीचा मला गर्व होता.

त्यात सगळ्यांचं लाडकं पुस्तक माझ्या हातचं, "वाकडा माड". आमच्या नदीकाठी सगळे माड सरळ वाढतात, एकच तिरपा पाण्यावर वाकतो. बाकीचे त्याला हसतात. चौथ्या पानावर तो विचारतो, "मी असा का?" ते विचारताना मी तोंड उजवीकडे पार कानापर्यंत ओढत असे. मुलं हसून लोळायची. पाचव्या पानावर सरळ माड, त्यांच्यासाठी मी मान ताठ करून ओठ चोच काढल्यासारखे आवळायची. शेवटी पूर येतो, वाकड्या माडाला धरून एक पोर वाचतं आणि मग सगळे त्याच्याशी मैत्री करतात.

आये म्हणायच्या, "वाकुल्ये काडू नाका गो. वारां लागात, तोंड तशांच रवात." तोंड तसंच राहतं म्हणे! मी हसायची.

आणि आता आरशात तेच तोंड होतं. उजवीकडे ओढलेलं, अगदी चौथ्या पानावरचं. मी शिकलेली बाई आहे, नस कशी सुजते ते डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. तरी मनात पाल चुकचुकलीच, की हे मीच ओढवून घेतलं.

पाच दिवस

मला साखरेचा त्रास आहे आणि सूज उतरवायच्या गोळ्यांनी साखर चढते, म्हणून पाच दिवस भरती करून घेतलं. सकाळी बोटाला सुई, मग गोळ्या, मग डोळ्यात थेंब. डोळा मिटत नसल्यामुळे झोपताना त्याला पट्टी. दुपारी तन्वी यायची, हातात छोटा आरसा.

"गाल फुगवा, बाई."

फुगवला की हवा डावीकडून फुस्स.

"म्हणा, पपई."

पपई म्हणता येईना. ओठांना ओठ लागल्याशिवाय जे निघत नाही ते काहीच निघेना. माझ्याच पुस्तकातला "माड" मला म्हणता येईना. एवढी मोठी बाई मी, पपईवरून रडले. डाव्या डोळ्यातून पाणी गालावर आलं ते मला नीट जाणवलंही नाही, तन्वीने पुसलं.

तिसऱ्या दिवशी शाळेतून हेडबाई आणि तिसरीच्या नाईकबाई भेटायला आल्या. केळी आणली होती. दोघी चांगल्या आहेत, त्यांना दोष देत नाही. पण त्यांची नजर आधी माझ्या ओठावर गेली, मग तिथून झटकन उचलून केळ्यांवर. मग नाईकबाई माझा हात धरून म्हणाल्या, "शुभाबाई, खचू नका. मुलांना रोज शिकवत होता ना तुम्ही? आता तुम्हीच त्यांचा वाकडा माड. केवढं शिकायला मिळेल पोरांना!"

मी उजव्या बाजूने हसले. त्या गेल्या आणि मला इतका राग आला की केळ्यांची फणी टेबलावरून खाली ढकलावीशी वाटली. मला कुणाचा धडा व्हायचं नव्हतं. मला माझं तोंड हवं होतं. आणि ते मिळत नसेल तर निदान त्याच्याकडे बघून कुणी मोठं मन दाखवू नये, एवढंच हवं होतं.

पंख्याकडे बघत पडले होते, एका डोळ्याने. आणि रेणुका आठवली.

रेणुका माझ्या वर्गातली. आईवडील बेळगावकडचे, बाप बांधकामावर सेंट्रिंगचं काम करतो. तिचा वरचा ओठ जन्मतः फाटलेला. लहानपणी ऑपरेशन करून शिवला, पण मधोमध रेघ आहे आणि बोलणं नाकातून येतं. जूनमध्ये ती आली तेव्हा मीच तिला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. वाकडा माड तर मी तिच्याचसाठी पुन्हा पुन्हा वाचत होते. चौथ्या पानावर थांबायची आणि विचारायची, "मग मुलांनो, वाकड्या माडाला हसायचं का?"

"नाऽऽही!"

"त्याला काय म्हणायचं?"

"तू आमचा मित्र!"

आणि हे विचारताना मी रेणुकाकडे बघायची. प्रेमाने बघायची, शपथ. पण बाई बघते तिकडे वर्ग बघतो. एकवीस माना तिच्याकडे वळायच्या. आणि दर वेळी रेणुका खाली बघून म्हणायची, "बाई, पुढचं पान."

दर वेळी. आणि मी हेडबाईंना कौतुकाने सांगितलं होतं, रेणुकाला पुस्तकाची किती गोडी लागलीय बघा, पुढचं पान बघायची घाई असते तिला.

अगो बाई शुभांगी! वीस वर्षांची नोकरी तुझी, आणि एवढं कळलं नाही तुला? त्या पोरीला त्या पानावरून सुटायचं होतं. मी तिच्यासमोर तोंड वाकडं करून दाखवत होते, वर्गाला हसवत होते, मग तिला सगळ्यांची दया वाटून देत होते आणि पान काही उलटत नव्हते. त्या खाटेवर मला स्वतःची जी लाज वाटली, तेवढी तोंडाचीही वाटली नव्हती.

घरी

घरी आल्यावर पाहिलं तर बेसिनवरचा आरसा गायब. विनायकने काढून कपाटावर ठेवला होता, मला त्रास नको म्हणून. मी जी भडकले! व्यायामाला आरसा लागतो हे त्याला माहीत नव्हतं, पण मी त्यासाठी नाही भडकले.

"म्हणजे तुम्हालाच बघवत नाही ना माझ्याकडे?"

अर्धे शब्द गिळले गेले, तरी त्याला कळलं. तो स्टुलावर चढला, आरसा खाली आणला, पुसला, खिळ्याला लावला. मग पाठमोराच म्हणाला, "तसं नाही गो. तू हसतेस की रडतेस तेच मला कळत नाही आता. बावीस वर्षं तोंड बघून कळत होतं. आता विचारावं लागतं आणि विचारलं की तू चिडतेस."

मी म्हटलं, "रडतेय." तो म्हणाला, "बरं." आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्या दिवसापासून आमच्या घरात सांगायची पद्धत पडली. मी भाजी चिरताना ओरडून सांगते, "आता चिडलेय हं!" हसू येतं दोघांना.

आयेंचंही सांगते. मी सगळ्यांबरोबर जेवायचं सोडलं होतं. भिंतीकडे तोंड करून, हनुवटीखाली रुमाल धरून खायची. एका सकाळी आये चहाचा कप आणि दोन उंडे, आमच्याकडचे गोल पाव, घेऊन माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांना एकही दात नाही. उंडो चहात बुडवायचा, तोंडात टाकायचा, अर्धा चहा लुगड्यावर. पाहुण्यांसमोर त्या कधी असं खात नाहीत.

"खा गो," त्या म्हणाल्या. "दोगांचीय तोंडां गळकीं. कोण कोणाक हसतलो?"

त्या दिवशी मी पोटभर खाल्लं. देवीला नवस माझ्या भावाने शिरगावला केला होता, औषध डॉक्टरांनी दिलं, पण मला बरं वाटायला सुरुवात झाली ती त्या उंड्यापासून.

तरी भीती गेली नव्हती. आठवडे गेले. डोळा मिटायला लागला, ओठ मात्र जिथल्या तिथे. तन्वी म्हणायची, नस सावकाश येते. मी दिवसातून दहा वेळा आरशासमोर गाल फुगवायची. बाजारात ओढणी तोंडावर घेऊन जायची. भाचीच्या साखरपुड्याला गेले आणि फोटोच्या वेळी भांडी आवरायला आत पळाले. आणि सारखं एकच डोक्यात: पहिलीची पोरं मला बघून घाबरली तर? नवी नवी मुलं आईचा हात सोडतात ती बाईच्या तोंडाकडे बघून. एखादं रडलं, तर मी पुन्हा त्या वर्गात पाऊल टाकू शकणार नाही, हे मला माहीत होतं.

हेडबाईंना मी फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात एक जागा आहे, कागदांचं काम, अर्ज करून ठेवा. मी अर्ज लिहिला. सही केली नाही. हेडबाईंना म्हटलं, एक शनिवार वाचून बघते. एक पोर जरी रडलं, तर सही करून तुमच्या टेबलावर ठेवते आणि जाते.

त्या सुट्टीत आणखी एक केलं. वाकड्या माडाचं शेवटचं पान काढून टाकलं. पुरातून पोर वाचवलं म्हणून त्याला मित्र म्हणायचं, आणि पूर आलाच नसता तर? नव्या पानावर तो नुसता वाकडा उभा आहे, पाण्यावर, आणि बाकीचेही उभे आहेत.

शनिवार

विनायकने मला स्कूटरवरून शाळेत सोडलं. मी तोंडावर मास्क लावला होता. "थांबू का?" त्याने विचारलं. मी नको म्हटलं, तरी तो फाटकाबाहेर थांबलाच.

वर्गात शिरले तर पोरं अंगावर आली. "बाई आल्या! बाई, तुम्ही कुठे होता? बाई, माझा दात पडला!" पायाला मिठ्या. रेणुका आपल्या जागेवरच बसली होती, पहिल्या रांगेत मधोमध, जिथे मी तिला बसवलं होतं. मी सगळ्यांना गोल करून बसायला सांगितलं, म्हणजे मधोमध कुणीच नको. ती सरकून दाराच्या बाजूला बसली.

"बाई, वाकडा माड!"

दुसरं काहीतरी वाचावं म्हणून मी दोरीकडे बघितलं, पण एकाने ते पुस्तक चिमट्यातून काढून हातात दिलंसुद्धा. मी वाचायला लागले. पहिलं पान, दुसरं, तिसरं. मास्कमधून माझे शब्द आणखीच गिचमिड होत होते.

"बाई, ऐकू येत नाही!"

"बाई, तोंडं करा ना!"

चौथं पान आलं. बावीस तोंडं माझ्याकडे लागलेली. म्हटलं, आता काय व्हायचं ते एकदाच होऊ दे. मी मास्क काढला आणि म्हटलं, "मी असा का?"

मी कुणीतरी रडण्याची वाट बघत होते.

आणि वर्ग हसून फुटला. टाळ्या! "बाईंनी माड केला! बाईंनी माड केला!" खिडकीतली दुसरीची पोरंही हसायला लागली. सगळ्यांनी आपापली तोंडं उजवीकडे ओढली, एकमेकांना दाखवली. त्यांना वाटलं, मी नेहमीसारखी वाकुली काढलीय. इतकी छान आजवर कधी काढली नव्हती मी.

पोरांच्या रडण्याची तयारी केली होती मी, याची नव्हती. हसू ओसरलं, पण माझं तोंड तसंच होतं. पोरं बघत राहिली. एकाने डोकं तिरपं केलं.

"बाई, आता सरळ करा."

"बाई, आता सरळ माड करा ना!"

मी ओठ आवळायला गेले. उजवा आवळला, डावा लोंबत राहिला. पोरं आता हसत नव्हती. कोपऱ्यातल्या एका मुलीचा चेहरा रडवेला व्हायला लागला. मला अर्ज आठवला, पर्समधला. काहीतरी सांगायला हवं होतं, आणि माझ्या तोंडात आलं तेच जुनं, "मुलांनो, माणसं वेगवेगळी असतात," पण तेही धड निघेना. पहिल्या "म"वरच अडकले. मी तशीच थांबले, चौथं पान उघडं धरून, आणि एकवीस जण माझ्या ओठाकडे बघत होते. असंच होतं तर. असं वाटत होतं तर त्या पोरीला.

दाराकडून नाकातला आवाज आला.

"बाईंचं तोंड आता असंच हाय."

रेणुका. ती काही समजावत नव्हती, दया करत नव्हती. पाऊस पडतोय म्हणून सांगावं तसं सांगत होती. मुलांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "असंच?" एकाने विचारलं. "व्हय, असंच," ती म्हणाली. ते त्याला पुरलं. कोपऱ्यातली मुलगी नाक पुसून पुस्तकाकडे बघायला लागली.

मी मात्र अजून त्याच पानावर होते. रेणुकाने मान वर केली आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं.

"बाई, पुढचं पान."

मी पान उलटलं.